अंजनवेलच्या वाटेवर कोण पुढे: गोल्फ जीटीआय की बीई ६?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी मजकूर बोलला तसाच ठेवलाय.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. हा श्रोता नोकरीला पुण्यात, घर अंजनवेलला. ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी: गुहागर तालुका, दाभोळची खाडी समुद्राला मिळते तिथे दक्षिण तीरावर गोपाळगड आहे, तेच अंजनवेल. एन्रॉनमुळे जो वीज प्रकल्प देशभर गाजला, तोही याच परिसरात.

तर हा लिहितो की गणपतीला दोन मित्र दोन गाड्या घेऊन गावी येणार आहेत. एकाकडे फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, दुसऱ्याकडे महिंद्रा बीई ६, मोठ्या बॅटरीची. चिपळूणहून निघून अंजनवेलला आधी कोण पोचतो यावर पैज लागली आहे. आणि हा मला विचारतोय, "दादा, पैसे कुणावर लावू?"

पैजेबद्दल मला काय वाटतं ते शेवटी सांगतोच. पण प्रश्न चांगला आहे, कारण या दोन गाड्या वेग दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी मिळवतात.

आधी कागदावरचे आकडे. जीटीआय २०२५ च्या मे महिन्यात भारतात आली, तेव्हा किंमत होती जवळपास ५३ लाख एक्स-शोरूम. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २६५ पीएस, ३७० न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स, ताकद पुढच्या चाकांना. शून्य ते शंभर ५.९ सेकंद. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला आहे, पण ही गाडी तिथे बनत नाही, जर्मनीहून आख्खी येते. चाकणची आहे ती दुसरी, बीई ६. मागच्या एक्सलवर मोटर, ७९ किलोवॅट-तास बॅटरी, २८६ पीएस, ३८० न्यूटन मीटर, शून्य ते शंभर ६.७ सेकंद. या बॅटरीचं वरचं मॉडेल आलं तेव्हा २६.९० लाखांना होतं. म्हणजे निम्म्या पैशात वीस-एकवीस पीएस जास्त, आणि तरी पाऊण सेकंद मागे.

मग जास्त ताकदीची गाडी मागे का?

वजन. जीटीआय साडेचौदाशे किलोच्या आसपास, बीई ६ दोन टनांच्या आसपास. टनामागे किती पीएस येतात ते काढा: जीटीआयला साधारण १८०, बीई ६ ला १४० च्या थोडं वर. हे पाहिलं की उलटाच प्रश्न पडतो. टनामागे एवढी कमी ताकद असूनही बीई ६ फक्त पाऊण सेकंदच मागे कशी काय राहते? ती दोन सेकंद मागे का नाही?

इथे खरी गंमत आहे, जरा थांबूया.

एसटी सुटली की उभा माणूस मागे जातो ना? गाडीचंही तेच होतं. पुढे झेप घेताना वजन पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर सरकतं. आणि टायर जमिनीला किती ढकलू शकतो हे त्याच्यावर किती वजन आहे यावर ठरतं. आता जीटीआय पुढच्या चाकांनी ओढते. उभी असताना तिचं साधारण ६० टक्के वजन पुढे असतं. जोरात निघाली की त्यातलं दहाएक टक्के मागे जातं, पुढे उरतं पन्नास. म्हणजे जी चाकं काम करणार, त्यांच्याच अंगावरून वजन निघून जातं. कोरड्या, चांगल्या डांबरावर टायरची पकड आपण १ धरू, म्हणजे वजनाएवढाच जोर लावता येईल. मग जीटीआयला मिळतो अर्धा जी. टायर गरम असले, रस्ता उत्तम असला तर थोडा वर. त्यापलीकडे इंजिन कितीही ओरडलं तरी चाकं फक्त फिरणार.

बीई ६ मध्ये वजन पुढेमागे साधारण निम्मंनिम्मं धरा. मोटर मागची चाकं ढकलते. जोरात निघाली की बाराएक टक्के मागे येतं, तिथे होतात ६२. म्हणजे ०.६२ जी पर्यंत पकड. वजन सरकतं ते तिच्या फायद्याचंच. आकडे ढोबळ आहेत, माझ्या वहीतले, पण दिशा पक्की आहे.

त्यात मोटरला गिअर बदलावे लागत नाहीत, टर्बोत हवा भरायची वाट बघावी लागत नाही. पायाखाली पेडल दाबलं की पूर्ण टॉर्क हजर. म्हणून पहिल्या तीस-चाळीस किलोमीटर वेगापर्यंत मागे बसलेल्या माणसाला बीई ६ च जास्त जोरदार वाटते. पुढे साठच्या वर मात्र पकडीचा प्रश्न संपतो आणि टनामागच्या ताकदीचा सुरू होतो. तिथे जीटीआय निसटते.

आता हे सगळं कोरड्या रस्त्याचं झालं. आणि पैज लागली आहे भाद्रपदात!

आपल्याकडे पावसात रस्त्यावर काय असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जांभ्याची लाल माती वाहून डांबरावर आलेली, झाडाखालच्या वळणाला शेवाळ, चिऱ्याच्या ट्रकमधून सांडलेली भुकटी. अशा जागी पकड १ वरून ०.४ पर्यंत येऊ शकते. तेच गणित परत करा. वेग वाढवण्याचा जोरच कमी, म्हणून वजनही कमी सरकतं, चारेक टक्के. जीटीआयच्या पुढच्या चाकांवर उरतात ५६ टक्के, बीई ६ च्या मागच्या चाकांवर येतात ५४. दोघींनाही मिळतो ०.२२ जी. हुबेहूब सारखा! मागच्या चाकांचा फायदा होता तो वजन सरकण्यातून. पकड गेली, सरकणं गेलं, फायदा गेला.

०.२२ जी ने शंभरला पोचायला साधारण १३ सेकंद लागतात. दोघींना. तेरा सेकंदांत तर साधी पेट्रोल हॅचबॅकसुद्धा पोचते, तिच्यात चौघं आणि मागे गणपतीचं सामान असलं तरी फार मागे राहायची नाही. ५३ लाख काय, २७ लाख काय, त्या ओल्या पट्ट्यावर टायर सगळ्यांना एका रांगेत उभं करतो.

चढावर आणखी एक गोष्ट होते. चढावर वजन आपोआप मागे झुकतं. खाडीकाठावरून सड्यावर यायचे आपल्याकडचे चढ आठवा. तिथे थांबून परत निघताना पुढच्या चाकांची गाडी चाकं फिरवत बसते, मागच्या चाकांची शांतपणे चढते. जीटीआयमध्ये यावर उपाय म्हणून इलेक्ट्रॉनिक लॉकिंग डिफरन्शियल आहे. एक चाक सुटू लागलं की ताकद दुसऱ्याकडे वळवतं. वळणातून बाहेर पडताना ते इतकं छान काम करतं की गाडी आतल्या बाजूला ओढली जातेय असं वाटतं. पण दोन्ही चाकं शेवाळावर असली तर ते तरी काय करणार?

आता हँडलिंग. हा शब्द आपण फार सैल वापरतो. "हँडलिंग मस्त आहे" म्हणजे काय? माझ्या मते तीन प्रश्न असतात. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी किती लवकर ऐकते, टायर सुटायच्या आधी चालकाला कळतं का, आणि खड्ड्यात एक चाक गेलं तर बाकीची तीन आपलं काम चालू ठेवतात का.

पहिल्या दोनांत जीटीआय पुढे आहे, त्यात मला शंका नाही. दोन्ही गाड्या मी चालवल्यात. जीटीआय हलकी, बुटकी, स्प्रिंग कडक. नाक जिथे दाखवाल तिथे जातं, आणि पुढचे टायर सुटायला लागले की हातात कळतं. बीई ६ ची बॅटरी फरशीखाली असल्याने वजन खाली बसलंय, त्यामुळे उंच दिसते तेवढी ती झुकत नाही. वरच्या मॉडेलला सेमी-ॲक्टिव्ह डँपर आहेत, तेही मदत करतात. पण साडेपाचशे किलो जास्त आहेत ते आहेतच. एका बाजूचं वळण संपून लगेच दुसऱ्या बाजूचं आलं की ते वजन आधी थांबवावं लागतं, मग उलटीकडे न्यावं लागतं. स्टिअरिंग हलकं आहे, गावात बरं वाटतं, जोरात जाताना मला थोडं मुकं वाटलं. तुम्हाला वेगळं वाटू शकेल.

तिसऱ्या प्रश्नाला मात्र पारडं फिरतं. जीटीआयचा ग्राउंड क्लिअरन्स १३६ मिलिमीटर. बीई ६ चा २०७. चिपळूण-गुहागर रस्ता पंचेचाळीसेक किलोमीटर, बराचसा बरा आहे, पण पावसाळ्याच्या शेवटी कुठे काय उघडं पडेल सांगता येत नाही. आत गावाकडे वळलात की साइडपट्टी खचलेली असते. समोरून चिऱ्याचा ट्रक आला की आपण डावीकडे उतरतो, तिथे जीटीआयवाला खाली घासेल या भीतीने आधीच ब्रेक मारणार. बीई ६ वाला उतरून निघूनही गेला असेल. कडक स्प्रिंगची बुटकी गाडी गुळगुळीत रस्त्यावर टायर जमिनीला चिकटवून ठेवते. खडबडीत रस्त्यावर तीच गाडी उड्या मारते, आणि हवेतल्या टायरची पकड शून्य. म्हणून अशा रस्त्यावर जी गाडी सर्किटवर सरस, ती मागे पडू शकते. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरणार असाल, तर जीटीआयवाल्याने रॅम्पवर दोन्ही टोकं सांभाळायची. तिथला कोन त्या गाडीसाठी कोणी आखलेला नाही.

वळणाचंही एक गणित सांगतो, कारण पैजेचा जीव त्यात आहे. तीस मीटर त्रिज्येचं वळण घ्या, घाटात अशी कितीतरी असतात. ताशी ४० ने गेलात तर टायरकडून ०.४२ जी मागितला जातो. ५० ने गेलात तर ०.६६. वेग वाढला पंचवीस टक्के, मागणी वाढली पन्नासपेक्षा जास्त, कारण इथे वेगाचा वर्ग येतो. आणि ओल्या मातीवर आपल्याकडे आहेत ०.४. म्हणजे चाळीसलाच खिसा रिकामा झाला. यात गाडीचं वजन येत नाही, पीएस येत नाहीत, कंपनीचं नाव येत नाही.

ब्रेकचं तसंच. ६० च्या वेगात कोरड्या रस्त्यावर गाडी १४ मीटरमध्ये थांबते. ०.४ पकडीवर ३५ मीटर लागतात. त्यात माणसाला दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा, आणखी १७ मीटर. झाले ५२. गणपतीच्या दिवसांत त्या रस्त्यावर कोण असतं? डोक्यावर मूर्ती घेऊन चालणारी माणसं, आरतीला या घरातून त्या घरात पळणारी पोरं, मुंबईहून आलेले चाकरमानी बॅगा घेऊन फाट्यावर उतरलेले. शिवाय गुरं. बावन्न मीटर मोकळे दिसतील असं वळण त्या वाटेवर मला पटकन आठवत नाही.

एका ठिकाणी मात्र या दोन गाड्यांतला फरक रोजच्या उपयोगाचा आहे: एसटीला ओव्हरटेक करताना. ५० च्या वेगात एसटीमागे आहात, रस्ता मोकळा दिसला, पेडल दाबलं. जीटीआयचा गिअरबॉक्स दोन-तीन गिअर खाली येणार, टर्बो भरणार, मग झेप. बीई ६ त्या क्षणीच निघते. हा उशीर अर्ध्या सेकंदाचा धरला तर ५० च्या वेगात तुम्ही सात मीटर गेलात, समोरचा ६० ने येत असेल तर तो आठ मीटर जवळ आला. पंधरा मीटर गेले. जीटीआयवाल्याने ओव्हरटेकच्या आधी स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली घेऊन ठेवावा, मग हा फरक राहत नाही. शून्य ते शंभरच्या पाऊण सेकंदापेक्षा मला हा अर्धा सेकंद महत्त्वाचा वाटतो, आणि तो जाहिरातीत कुठेच नसतो.

उतारावर बीई ६ चं आणखी एक सुख. पेडल सोडलं की मोटरच जनित्र होते, गाडी रोखते आणि बॅटरीत वीज भरते. दोन टनांची गाडी चारशे मीटर खाली उतरली तर साधारण दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली बरीचशी परत मिळते. जीटीआयमध्ये ती ब्रेकच्या तबकड्या तापवते. पुण्याहून कुंभार्ली घाटाने येणाऱ्यांनी पेट्रोल गाडीत खालच्या गिअरवर उतरावं, ब्रेकवर पाय ठेवून नाही.

आता पैज. कोरड्या, सरळ, बंद रस्त्यावर दोन्ही गाड्या उभ्या केल्या तर जीटीआयवर पैसे लाव. कोरड्या सर्किटवर जीटीआयवर दुप्पट लाव. चिपळूण ते अंजनवेल, गणपतीत, पावसात: तिथे आधी पोचेल तो ज्याला मार्गताम्हाण्याच्या आणि शृंगारतळीच्या बाजारात कमी गर्दी लागली. गाडीचा यात काही संबंध नाही, आणि तो संबंध जोडायचा प्रयत्न जो करेल तो दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर करेल. त्यामुळे ही पैज मोड, तू घरचा आहेस, तुझं ते ऐकतील.

आणि निघायच्या आधी दोघांना टायर बघायला सांग. खाचांची खोली कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण पावसात तीनच्या खाली गेलेला टायर मी कोकणात नेणार नाही. हवा गार टायरमध्ये भरायची, दरवाज्यापाशी लिहिलेल्या आकड्याएवढी; भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो, तो बघायचा. बीई ६ वाल्याने वन-पेडल मोड असेल तर ओल्या उतारावर तो थोडा सौम्य ठेवावा, कारण पेडल एकदम सोडलं तर मागच्याच चाकांना झटका बसतो.

पुढच्या भागात टायरच्या बाजूवर लिहिलेले आकडे कसे वाचायचे ते बघू. प्रश्न पाठवत राहा.