पट्टीवरचा धर्मादाय

मोंढ्यातल्या आडत्याची जुनी पट्टी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्यावरची एक ओळ आठवत असेल. मालाचं वजन, भाव आणि मग कपात : हमाली, तोलाई, आडत, आणि त्यांच्याच रांगेत शेकड्यामागे थोडेसे पैसे, 'धर्मादाय'. ते जातात कुठे, हे सहसा कुणी विचारत नसे. पांजरपोळ असेल, पाणपोई असेल, एखाद्या देवळाचा कळस असेल. कायद्याने मात्र विचारलं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमातलं कलम ५४ याच 'धर्मादा'बद्दल आहे. त्याचं सार असं, की हा पैसा व्यापाऱ्याने गोळा केला तरी तो त्याच्या मालकीचा होत नाही. तो त्याचा फक्त विश्वस्त.

हे आठवायचं कारण म्हणजे त्याच कायद्यात पुढे घातलेलं कलम ४१ कक आणि त्यातून उभा राहिलेला एक निधी. कागदावर तो 'निर्धन रुग्ण निधी', रुग्णालयाच्या काउंटरवर नुसता 'आयपीएफ'. २००४ सालच्या एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना आखून दिली आणि महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना ती लागू झाली. यातली कित्येक रुग्णालयं बाहेरून पंचतारांकित हॉटेलासारखी दिसतात; धर्मादाय हा शब्द त्यांच्याबाबतीत कुणाला सुचणारही नाही. पण त्यांची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून आहे. कुणाला सरकारी जमीन नाममात्र भाड्याने मिळाली, कुणाला करात सूट, कुणाला वाढीव चटईक्षेत्र. त्या सवलतींच्या बदल्यात समाजाला काय द्यायचं, याचा हिशेब या योजनेने मांडला.

हिशेब सोपा आहे. एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आता निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार रुपये. या दोन गटांखेरीज बाकी रुग्णांच्या एकूण बिलाचे २ टक्के वेगळ्या खात्यात जमा करायचे. महिन्याचं बिलिंग १ कोटी असेल, तर निधीत २ लाख. शेकडा दोन! आडत्याच्या पट्टीवरची तीच ओळ, फक्त ती रुग्णाच्या बिलावर वेगळी छापलेली नसते. रुग्णालयाने आपल्या उत्पन्नातून बाजूला काढायची असते.

निर्धन रुग्णाचं बिल कसं बनतं, ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. खाट, निवासी डॉक्टर, परिचर्या, चादरी, पाणी, वीज, नेहमीच्या तपासण्या, रुग्णालय पुरवत असेल तर जेवण : यांचं बिल लावायचंच नाही. डॉक्टरांनी आपली फी सोडायची. औषधं, कापूस-सलाइनसारखं साहित्य, शरीरात बसवायचे स्टेंट किंवा सांधे, हे सगळं रुग्णालयाला ज्या भावात पडलं त्याच भावाने मोजायचं आणि ती रक्कम निधीत खर्ची घालायची. दुर्बल घटकातल्या रुग्णाला सेवा सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने मिळते. औषधं-साहित्याच्या खर्चातला किमान निम्मा भाग त्याने उचलायचा, उरलेला निधीने. म्हणजे निधी आटला, तरी खाट आणि परिचर्या आटत नाही. 'आयपीएफ संपला' हे उत्तर ऐकून माघारी फिरणाऱ्या नातेवाइकाला हा फरक कोण सांगणार?

खरी अडचण कागदाची आहे. रेशनकार्ड, नाहीतर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. पिवळं कार्ड असलं तर काम सोपं. पण ज्याचं कार्ड गावी ट्रंकेत आहे, जो शहरात रोजंदारीवर आहे आणि ज्याच्या घरातला कमावता माणूसच आत अतिदक्षता विभागात पडला आहे, त्याच्या घरच्यांनी तहसीलला जायचं कधी? तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवू नये, आधी जीव सावरावा, असं योजना बजावते. प्रत्यक्षात घरातली बाई पहिल्या रात्रीच मंगळसूत्र गहाण टाकून मोकळी होते, आणि निधीचं नाव कानावर पडतं ते डिस्चार्जच्या दिवशी. तेव्हा समाजसेवक विचारतो, 'आधी का नाही आलात?' यात त्या समाजसेवकाला दोष देऊन भागत नाही. ओळखपत्र अडकवलेला तो एकटा माणूस अर्ज तपासतो, डॉक्टरांची सही आणतो, हिशेब विभागाशी भांडतो आणि संध्याकाळी पुन्हा पाच फायली घेऊन बसतो. निधीचं दार खरं तर त्याचं टेबलच.

निधीच्या रचनेत एक वाकडेपण आहे आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. बिलाच्या टक्क्यावर भरणारा निधी जिथे बिलं मोठी तिथेच फुगणार, म्हणजे मुंबई-पुण्यात. तालुक्याच्या गावी एखाद्या न्यासाचं चाळीस खाटांचं रुग्णालय असेल, तर तिथे गरीब जास्त आणि बिलिंग कमी, म्हणून खातं लवकर कोरडं. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार तिथे असतो, पण ती ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते. यादीबाहेरचं दुखणं घेऊन माणसं शेवटी एसटीने शहर गाठतात.

शहर गाठलं तरी कुठल्या दारात जायचं, हा प्रश्न उरतोच. रिकाम्या राखीव खाटांचा आकडा रुग्णालयांनी धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. मोबाइलवर तो पाहणारा पुतण्या किंवा भाचा घरात असेल, तर निम्मं काम होतं. काउंटरवर गेल्यावर हात जोडून 'काही मदत मिळेल का साहेब?' असं म्हणणारे पुष्कळ. 'आयपीएफचा अर्ज द्या' असं म्हणणाऱ्याकडे कारकून मान वर करून पाहतो आणि खण उघडतो.