मुलांचा लठ्ठपणा आणि रक्तदाब: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावात मुलांच्या आरोग्याचा विषय निघाला, की आधी कुपोषण आणि रक्तक्षय आठवतात. लठ्ठपणा पुण्या-मुंबईच्या पोरांना होतो, हा समज त्यातूनच पक्का झाला. प्रत्यक्षात कुपोषण आणि लठ्ठपणा एकाच गल्लीत, कधी एकाच घरात नांदतात. देशात पाच वर्षांखालील जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण 2015-16 मध्ये 2.1 टक्के होते; 2019-21 मध्ये ते 3.4 टक्के झाले. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वर्षे वयाच्या सुमारे पाच टक्के मुलामुलींचे वजन जास्त आढळले. उच्च रक्तदाबाचे प्रमाणही जवळपास तेवढेच होते.

अंगाने भरलेले पोर ‘खात्यापित्या घरचे’ म्हणून कौतुकाचे ठरते. पण लठ्ठपणा नजरेने ठरत नाही. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा वयाच्या तक्त्यावर ताडून पाहावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2015 मध्ये दिलेले तक्ते मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी वेगळे आहेत, आणि ते योग्यच आहे. वयात येताना मुलींच्या अंगात चरबी वाढते, मुलांच्या अंगात स्नायू. त्यामुळे आकडा सारखा असूनही शरीराची घडण वेगळी असते. ‘वयात आली की आपोआप बारीक होईल’ हा दिलासाही फसवा आहे. लठ्ठ मुलांपैकी बरीच मुले मोठेपणीही लठ्ठच राहतात.

बारीक दिसणारे मूल निर्धास्त, हेही खरे नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात असे दिसले, की इथली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी फारशी कमी नसते.

‘बीपी म्हाताऱ्यांना’ हा सर्वांत चिवट गैरसमज. त्याच्याच जोडीला 120/80 हे सगळ्यांचे माप मानले जाते. सहा वर्षांच्या मुलाचा दाब 120/80 आला तर तो नॉर्मल नव्हे, जास्तच. तेरा वर्षांखाली दाब वय, लिंग आणि उंची पाहून ठरवतात. अमेरिकन बालरोग अकादमीच्या 2017 च्या निकषांनुसार तेरापासून पुढे 130/80 ही मर्यादा मुलगा-मुलगी दोघांनाही एकच आहे.

मग फरक कुठे पडतो? लहानपणी दोघांचा दाब जवळपास सारखा असतो. तेराव्या वर्षाच्या सुमारास मुलांचा वरचा दाब मुलींपेक्षा वर सरकू लागतो आणि सतराव्या-अठराव्या वर्षी हे अंतर स्पष्ट दिसते. मुलांची वाढलेली उंची आणि शरीरयष्टी, तसेच स्त्री-पुरुष संप्रेरकांचा रक्तवाहिन्यांवर आणि मूत्रपिंडांवर होणारा वेगवेगळा परिणाम ही त्याची मुख्य कारणे मानली जातात. म्हणून मुलींना बीपी होत नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. लठ्ठपणात मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात, चेतासंस्थेचा ताण वाढतो, आणि त्यातून दोघांचाही दाब चढतो. त्यात पाच रुपयांचे खारट पुडे, पापड-लोणचे यांतून मिठाची भर पडते. डोके दुखत नाही म्हणजे दाब नाही, हाही भ्रमच. बहुतेक मुलांत काहीच लक्षण दिसत नाही.

मोजणीतही घोळ होतो. मैदानातून धावत आलेल्या पोराच्या दंडाला लगेच पट्टा बांधला, किंवा जाड दंडाला लहान पट्टा लावला, तर आकडा खोटाच वाढतो. पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर आणि उजवा हात हृदयाच्या पातळीवर ठेवून दाब घ्यावा. एका आकड्यावर निदान होत नाही. वेगवेगळ्या तीन भेटींत दाब जास्त यावा लागतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. दिवाळीच्या आगेमागे आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलांची ती तपासणी हुकू शकते, आणि फेरतपासणी तर हमखास राहते. अशा मुलांची उंची, वजन आणि दाब गावी परतल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गेवराईच्या उपजिल्हा रुग्णालयात मोजून घ्यावा आणि तिन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत.