वारा गावाचा, पवनचक्कीही गावाची

घरात कोणी आजारी पडले की हॉर्लिक्सची बाटली आणायची, ही रीत आपल्याकडे पुष्कळांनी पाहिली आहे. त्याच हॉर्लिक्स घराण्यातील सर जेम्स हॉर्लिक यांनी १९४४ साली स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचे गिया हे बेट विकत घेतले. त्यांनी तेथे फुलझाडांची मोठी बाग उभी केली. ती आजही नावाजलेली आहे. पण बेटावर राहणारी माणसे मात्र मालकाच्या घरांतील भाडेकरूच होती. १९७२ साली हॉर्लिक वारले. त्यानंतर मालक बदलत गेले, घरांची दुरवस्था वाढत गेली आणि तरुण मुले बेट सोडू लागली.

२००१ साली बेट पुन्हा विक्रीला निघाले. बेटावर माणसे जेमतेम शंभर. आपण कष्टकरी माणसे, बेट कसले विकत घेणार, असे प्रथम अनेकांना वाटले. पण सभा झाल्या, विचार झाला, मतदान झाले आणि घ्यायचे ठरले. किंमत सुमारे ४० लाख पौंड. बहुतेक पैसा सार्वजनिक निधीतून मिळाला. त्यातले १० लाख पौंड मात्र दोन वर्षांत परत करायचे होते. १५ मार्च २००२ रोजी बेट रहिवाशांच्या संस्थेचे झाले आणि ती परतफेडही मुदतीत झाली.

आता पडकी घरे दुरुस्त करायला पैसा कोठून आणायचा? बेटावर एक गोष्ट मुबलक होती, ती म्हणजे समुद्रावरचा वारा. संस्थेने तीन वापरलेल्या पवनचक्क्या घेतल्या. प्रत्येकीची क्षमता २२५ किलोवॅट. २००४-०५ च्या हिवाळ्यात त्या फिरू लागल्या. लोकांनी त्यांना तेथील गेलिक भाषेत श्रद्धा, आशा आणि दया अशा अर्थाची नावे दिली. लाडाने त्यांना ‘नाचणाऱ्या बाया’ म्हणतात.

पवनचक्कीचे काम समजायला अवघड नाही. वाऱ्याने पाती फिरतात, दातेरी चाकांमुळे तो वेग वाढतो आणि जनित्रातून वीज निघते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती आठपट होते, म्हणून जागेची निवड फार महत्त्वाची. वादळात मात्र यंत्र आपोआप थांबते. कोळसा जळत नाही, धूर निघत नाही. वारा पडला तर? गियाला समुद्राखालच्या तारेने मुख्य भूमीची वीज येते, आणि जास्तीची वीज त्याच तारेने बाहेर जाऊन विकली जाते.

त्या विक्रीतून यंत्रांचे कर्ज फिटू लागले आणि घरदुरुस्तीला हातभार लागला. २०१३ साली चौथी पवनचक्की आली. २००१ च्या जनगणनेत बेटावर ११० माणसे होती, २०११ मध्ये ती १६३ झाली. सारे सोपे झाले असे मात्र नाही. घरांच्या कामांसाठी संस्थेला मोठे कर्ज काढावे लागले आणि त्याचा भार जाणवला. मालकी आली की हिशेबही आपणच ठेवावा लागतो.

देशाच्या विजेच्या मानाने चार पवनचक्क्या म्हणजे समुद्रातला थेंब. पण शंभर माणसांच्या गावाला तो थेंब पुरेसा मोठा असतो.

वाचकहो, सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आपणही पाहिल्या असतील. मुलांना त्या जरूर दाखवाव्यात. वीज कशी होते ते सांगावे. आणि त्याबरोबर आणखी एक प्रश्न त्यांना विचारायला शिकवावे, असे आम्हाला वाटते : पाती फिरतात खरी, पण त्यांच्या कमाईतला वाटा पायथ्याच्या गावाला किती मिळतो?