शिंगराच्या जठराची वाट बंद होते तेव्हा...

बारामती - आषाढीच्या वाटेवर बेलवाडी व इंदापूर येथे संत तुकाराम महाराजांच्या पालखी सोहळ्यातील अश्व रिंगणात धावतात, तेव्हा त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी भाविकांची झुंबड उडते. याच परिसरात मेंढपाळांची तट्टे पाठीवर बिऱ्हाड घेऊन कळपामागे चालतात. घोड्याशी एवढी जवळीक असलेल्या या भागातही शिंगराच्या पोटाचा एक गंभीर विकार साध्या पोटशूळाच्या नावाखाली सहज दडून जाऊ शकतो. जठरातून लहान आतड्याकडे जाणारी वाट अरुंद होणे किंवा पूर्ण बंद होणे, हा तो विकार.

क्वचित हा दोष जन्मजात असतो. बहुतेकदा मात्र त्याची सुरुवात अल्सरने, म्हणजे आतील व्रणाने होते. दूध पिणाऱ्या किंवा नुकतेच दूध तुटलेल्या शिंगराच्या जठराला व आतड्याच्या आरंभीच्या भागाला हे व्रण होतात. हगवण, ताप, लांबचा प्रवास, आईपासून ताटातूट यांचा ताण त्यांना पोषक ठरतो. खरी अडचण व्रण भरून येताना उद्भवते. जखमेचा वण आकसतो आणि आतड्याचा मार्ग आवळला जातो. ओमेप्राझोल, सुक्राल्फेटसारखी औषधे व्रण बरा करू शकतात. आकसलेला वण ती सैल करू शकत नाहीत. तेथे शस्त्रक्रियेवाचून मार्ग उरत नाही.

शिंगरू दात खाते, तोंडातून लाळ गाळते, पाठीवर लोळते. दोन घोट दूध पिऊन मागे सरते. घोड्याला माणसासारखी उलटी होत नाही. जठर तुडुंब भरले की दूध नाकपुड्यांतून बाहेर येते आणि ते श्वासनलिकेत उतरल्यास फुप्फुसाचा दाह होतो. अशा वेळी वेदनाशामक इंजेक्शनांचा मारा करण्याचा मोह घातक ठरतो, कारण फिनाइलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन यांसारखी औषधे अतिरेक झाल्यास स्वतःच जठराला व्रण पाडतात.

निदानासाठी दुर्बीण व सोनोग्राफीचा उपयोग होतो. बेरियमचे द्रावण पाजून क्ष-किरण चित्रे काढली जातात. ते कित्येक तासांनंतरही जठरातच साचून असेल, तर अडथळ्याविषयी फारशी शंका उरत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी नाकातून नळी घालून जठर रिकामे करतात आणि शिरेवाटे द्रव व क्षार देतात. त्यानंतर संपूर्ण भूल देऊन शिंगराला उताणे निजवितात व पोट मध्यरेषेवर उघडतात. आवळलेला भाग सहसा कापून काढला जात नाही; त्याला वळसा घातला जातो. अडथळा जठराच्या तोंडाशीच असेल, तर जठर लहान आतड्याच्या पहिल्या भागाला जोडतात. तो पुढे असेल, तर आणखी खालच्या भागाला. आपल्याकडील रस्त्याला बाह्यवळण काढावे तसाच हा प्रकार. पित्तनलिका उघडते त्या जागेजवळ वण असल्यास यकृतालाही धोका पोचतो आणि जोडकाम अधिक कठीण होते. नंतर काही काळ तोंडाने दूध बंद ठेवून पोषण शिरेतून द्यावे लागते. भुकेले शिंगरू आईजवळ असूनही त्याला मुसके बांधून ठेवणे, ही सांभाळणाऱ्याची कसोटीच.

अमेरिकेत अशा ४० शिंगरांवरील शस्त्रक्रियांचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील जवळजवळ सर्व शिंगरे रुग्णालयातून घरी गेली. पुढे माहिती मिळालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश दोन वर्षांहून अधिक जगली. आतड्यातच अडथळा असलेल्यांचे भवितव्य तुलनेने वाईट ठरले.

अर्थात, वायुरूप भूल, मोठे शस्त्रक्रियागृह आणि रात्रंदिवस देखरेख या गोष्टी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. बारामती-इंदापूरकरांसाठी शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय किंवा पुण्यातील अश्ववैद्यांचा सल्ला घेणे हा पुढचा टप्पा. टेम्पोत चढविण्यापूर्वी स्थानिक डॉक्टरांकडून नळीने जठर रिकामे करून घेणे हिताचे, कारण तुडुंब जठर वाटेत फुटल्यास शिंगरू हाती लागत नाही. आणि घरच्या घरी दिसणारी एक खूण आहे: शिंगरू आईजवळच आहे, तरी घोडीची कास तट्ट भरलेली राहते.