गावच जेव्हा वैद्यकीय महाविद्यालय होते

(द्वितीय वर्ष, कला)

डॉक्टर कोठे घडतो, असे कोणी विचारले तर आपण चटकन उत्तर देऊ की, शहरातल्या मोठ्या रुग्णालयात. तेथे यंत्रे आहेत, तज्ज्ञ आहेत आणि रोग्यांची रांगही आहे. मग विद्यार्थ्याला शिकायला आणखी काय हवे? परंतु गेल्या अर्धशतकात काही देशांतील वैद्यकीय शिक्षकांनी या सरळ वाटणाऱ्या उत्तरावरच शंका घेतली आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकाबद्दल अधिकाराने बोलणे मला शक्य नाही. तरीही हा विषय आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण ज्या गावांतून या महाविद्यालयात येतात, तेथे रात्री-अपरात्री डॉक्टर मिळणे हाच मोठा प्रश्न आहे.

प्रथम एक हिशेब पाहू. १९६१ साली कर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व ब्रिटनमधील माहितीच्या आधारे तो मांडला. एक हजार प्रौढ माणसे घेतली, तर एका महिन्यात त्यांपैकी सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणे होते. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले जाते, आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो तो अवघा एक! वैद्यकाचा विद्यार्थी मात्र आपली बहुतेक विद्या या एकाच्याच खाटेशेजारी उभा राहून शिकतो. उरलेल्या दुखण्यांची त्याची ओळख व्हायची केव्हा?

दुसरी अडचण वेळापत्रकाची आहे. रूढ पद्धतीत विद्यार्थी काही आठवडे मेडिसिन विभागात, काही आठवडे शस्त्रक्रिया विभागात, मग प्रसूती, मग बालरोग असा फिरत राहतो. रोगी चार दिवसांत घरी जातो आणि विद्यार्थी पुढच्या विभागात जातो. दुखणे सुरू झाले कसे आणि पुढे त्याचे झाले काय, हे दोन्ही त्याच्या नजरेआडच राहते. एखाद्या कादंबरीची मधलीच चार पाने वाचून परीक्षेला बसावे, तसा हा प्रकार म्हणायचा.

यावर उपाय म्हणून अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने १९७१ साली एक निराळी योजना सुरू केली. राज्याच्या ग्रामीण भागात डॉक्टर मिळेनासे झाले होते. तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना नऊ महिन्यांसाठी लहान गावांतील डॉक्टरांच्या हाताखाली पाठवण्यात आले. पुढे १९९७ साली ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाने याहून धीट पाऊल टाकले. दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या काठी द्राक्षे आणि संत्री पिकवणारा रिव्हरलँड नावाचा भाग आहे. बेरी, रेनमार्क, लॉक्स्टन ही तेथली छोटी गावे. ॲडलेड शहर तेथून दोनशे किलोमीटरांहून दूर. चार वर्षांच्या अभ्यासक्रमातील तिसरे वर्ष संपूर्णपणे तेथे घालवण्यासाठी पहिल्या तुकडीत आठ विद्यार्थी गेले. या योजनेला 'समांतर ग्रामीण समाजाधिष्ठित अभ्यासक्रम' अशा अर्थाचे नाव होते. यातील 'समांतर' हा शब्द महत्त्वाचा आहे. हे विद्यार्थी शहरातील मित्रांचाच अभ्यास करीत आणि वर्षाखेरीस त्यांच्याच परीक्षेला बसत. बदलली होती ती फक्त शिकण्याची जागा आणि रीत.

ही रीत अशी. येथे विषयांची आळीपाळी नसते. गावच्या दवाखान्यात दार उघडून जो रोगी येईल, तोच त्या दिवशीचा धडा. सकाळी तापाचे मूल, त्यानंतर छातीत दुखणारा म्हातारा, दुपारी गरोदर बाई. रोग्याची संमती असेल तर विद्यार्थी स्वतंत्र खोलीत त्याला आधी तपासतो आणि आपले निदान मांडतो. मग डॉक्टर येऊन पडताळणी करतात आणि अखेरचा निर्णय देतात. रोगी गावच्या रुग्णालयात दाखल झाला, तर विद्यार्थीही त्याच्यामागोमाग तेथे जातो. ज्या बाईला त्याने गरोदरपणात तपासले, तिच्या बाळंतपणाला तो हजर राहू शकतो आणि काही महिन्यांनी तिचे मूल लस टोचायला येते तेव्हाही तोच समोर असतो. वर्षभर एकाच ठिकाणी राहिल्याने आपण दिलेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले, हे त्याला टाळता येत नाही.

वर्षभराच्या या ओळखीची किंमत रोग्याला विचारावी. माझ्या आजीला मधुमेह आहे. सरकारी दवाखान्यात दर खेपेला नवा चेहरा दिसतो आणि तिला आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. आता ती निम्मी कहाणी गाळूनच सांगते. गाळलेल्या त्या निम्म्यात पायाची जखमही असते. नव्या डॉक्टरांचा दोष नाही. त्यांना ते कळणार तरी कसे?

खेड्यात गेलेले विद्यार्थी अभ्यासात मागे पडतील, अशी भीती साहजिक होती. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पॉल वर्ली आणि सहकाऱ्यांनी फ्लिंडर्सच्या विद्यार्थ्यांच्या गुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शहरातील मोठ्या रुग्णालयात राहिलेल्यांच्या तुलनेत गावात शिकलेल्यांच्या गुणांत अधिक सुधारणा झाल्याचे त्यात दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० साली केलेल्या शिफारशींत दोन गोष्टी सांगितल्या: ग्रामीण पार्श्वभूमीच्या मुलांना वैद्यकीय प्रवेशात वाव द्यावा आणि शिक्षणाच्या काळातच विद्यार्थ्यांना ग्रामीण अनुभव द्यावा.

आपल्याकडे हा विचार अगदीच परका नाही. सेवाग्राम येथे १९६९ साली डॉ. सुशीला नय्यर यांनी स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रथम वर्षाचे विद्यार्थी प्रारंभी आश्रमात राहतात, पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थ्यांनी काही कुटुंबे दत्तक घ्यावीत, असा उपक्रम राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही २०२२ साली आणला. तथापि अधूनमधून गावाला भेट देणे निराळे आणि वर्षभर गावात राहून तेथेच रोगचिकित्सा शिकणे निराळे. एरवी आपल्याकडे ग्रामीण कामाची पाळी येते ती मुख्यतः अंतिम परीक्षा झाल्यावर, इंटर्नशिपमध्ये. त्या वेळी अनेकांचे लक्ष पदव्युत्तर प्रवेश परीक्षेकडे लागलेले असते. साहजिकच गाव ही शिकण्याची जागा न वाटता भोगून संपवायची मुदत वाटू लागते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. खेड्यातील गरीब माणसांवर नवशिक्यांनी हात साफ करून घ्यायचा काय? देखरेख करणारा अनुभवी डॉक्टर नसेल, तर हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. रिव्हरलँडमध्ये शिकवण्यास तयार असलेले डॉक्टर आधीपासून गावात होते आणि विद्यापीठाचा आधार त्यांच्या पाठीशी होता. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील एकटा डॉक्टर शेकडो रोगी तपासून वर शिकवणार केव्हा? म्हणून विद्यार्थ्यांच्या आधी शिक्षक पाठवावे लागतील, राहण्याची सोय करावी लागेल, पुस्तके पोचवावी लागतील. यातले काहीही न करता केवळ विद्यार्थी धाडणे म्हणजे गावाची आणखी एक फसवणूक होईल.

आपण गावाकडची मुले शहरात शिकायला आलो, तेव्हा घरच्यांनी सांगितले, "शिकून मोठा हो." त्यात न बोललेला अर्थ असा की, शिकण्यासारखे जे आहे ते गावाबाहेर आहे. मिनेसोटा आणि रिव्हरलँडच्या प्रयोगांनी या समजुतीलाच धक्का दिला. गावाला डॉक्टर हवा आहे हे सारेच मान्य करतात. गाव डॉक्टर घडवूही शकते, हे ज्या दिवशी आपली विद्यापीठे मान्य करतील आणि त्यासाठी पैसा व माणसे देतील, त्या दिवसापासून खेड्यातील नेमणूक ही शिक्षा राहणार नाही.