विश्लेषण : ‘मेन’ युद्धनौका कशी बुडाली? नौदलाच्या चौकशीला ७८ वर्षांनी उलटे उत्तर का मिळाले?

१५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री क्युबातील हवाना बंदरात उभ्या असलेल्या ‘यूएसएस मेन’ या अमेरिकी युद्धनौकेवर प्रचंड स्फोट झाला. नौका जागीच बुडाली आणि २६० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. सव्वा महिन्यात नौदलाच्या चौकशीचा निष्कर्ष आला : स्फोट पाणसुरुंगाचा. त्यानंतर पुढील महिन्यात अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध सुरू झाले. तो निष्कर्ष मात्र आजही वादात आहे.

त्या रात्री काय घडले?

क्युबा तेव्हा स्पेनची वसाहत होती आणि १८९५ पासून तिथे स्वातंत्र्यासाठी सशस्त्र उठाव सुरू होता. साखरेच्या व्यवसायात अमेरिकी भांडवल मोठ्या प्रमाणावर गुंतले होते. जानेवारीत हवानात दंगे झाले, तेव्हा अमेरिकी नागरिकांच्या संरक्षणाचे कारण देऊन ‘मेन’ तिकडे पाठवण्यात आली. रात्री पावणेदहाच्या सुमारास कॅप्टन चार्ल्स सिग्सबी आपल्या केबिनमध्ये पत्र लिहीत असताना नौकेचा पुढचा भाग उडाला. बहुतेक नौसैनिक नेमके त्याच भागात झोपले होते. अधिकाऱ्यांची केबिन मागे असल्याने त्यांच्यापैकी दोघेच दगावले.

पाण्यात पडलेल्यांना वाचवायला धावलेल्या होड्यांत ‘अल्फोन्सो बारावा’ या स्पॅनिश युद्धनौकेच्याही होड्या होत्या. अधिक माहिती हाती येईपर्यंत जनमत राखून ठेवावे, अशी तार सिग्सबी यांनी त्याच रात्री वॉशिंग्टनला केली. वृत्तपत्रांना तेवढा धीर नव्हता. विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या ‘न्यूयॉर्क जर्नल’ने गुन्हेगार पकडून देणाऱ्यास ५० हजार डॉलरचे इनाम जाहीर केले. गुन्हा घडला आहे, हे तिथे आधीच ठरले होते.

चौकशी कोणी आणि कशी केली?

कॅप्टन विल्यम सॅम्पसन यांच्या अध्यक्षतेखाली नौदलाचे ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ नेमण्यात आले. असे कोर्ट शिक्षा देत नाही. घटना कशी घडली आणि कोणाचा हलगर्जीपणा होता का, एवढेच ते ठरवते. सदस्य सारे अनुभवी नौदल अधिकारी होते. पण त्यांच्यात जहाजबांधणीचा तज्ज्ञ एकही नव्हता. साक्षी झाल्या, नौकेचे आराखडे तपासले गेले. नौका स्वतः मात्र गढूळ पाण्यात आणि चिखलात रुतलेली होती. त्यामुळे पाणबुड्यांनी हाताने चाचपून जे सांगितले, त्यावर बरीच भिस्त ठेवावी लागली.

निर्णायक ठरला तो नौकेचा कणा, म्हणजे तळातून लांबीभर जाणारी मुख्य तुळई. ती १८ क्रमांकाच्या फासळीपाशी उलट्या ‘व्ही’सारखी वाकून मूळ जागेपासून सुमारे ३० फूट वर आली होती. खालून धक्का बसल्याशिवाय हे शक्य नाही, असा कोर्टाचा तर्क होता. दोन स्फोट झाल्याच्या साक्षीही होत्या. म्हणजे आधी नौकेखाली सुरुंग फुटला आणि त्याने पुढच्या भागातील दारूगोळ्याचा काही साठा पेटला, असा निष्कर्ष २१ मार्चला निघाला. सुरुंग कोणी लावला, हे सांगता येत नाही, असे अहवालात स्पष्ट लिहिले होते. ते वाक्य रस्त्यावरच्या घोषणांपर्यंत पोहोचले नाही.

या निष्कर्षाने कप्तान आणि कर्मचारी निर्दोष ठरले. स्फोट आतून झाला असे निघाले असते, तर दोष नौकेवरील शिस्तीला किंवा नौदलाच्या जहाज-रचनेला लागला असता. कोर्टाने जाणूनबुजून खोटे लिहिले, असे मानायला आधार नाही. पण कोणते उत्तर सोयीचे होते, हे उघड आहे. नौदलातील शस्त्रास्त्र तज्ज्ञ फिलिप अल्जर यांनी, हा प्रकार दारूगोळा कोठाराच्या स्फोटाचा दिसतो, असे मत वृत्तपत्रातून मांडले होते. नौदलाचे सहायक मंत्री थिओडोर रूझवेल्ट त्यांच्यावर नाराज झाले आणि कोर्टाने अल्जर यांना साक्षीला बोलावलेच नाही. अहवालानंतर काही दिवसांतच सॅम्पसन यांच्याकडे उत्तर अटलांटिक ताफ्याची धुरा आली आणि त्याच ताफ्याने क्युबाची नाकेबंदी केली.

स्पेनचे म्हणणे काय होते?

स्पेनने संयुक्त चौकशीचा प्रस्ताव दिला, तो अमेरिकेने नाकारला. मग स्पेनने स्वतंत्र चौकशी केली. तिचे मुद्दे साधे पण नेमके होते. सुरुंग फुटला असता तर पाण्याचा स्तंभ उसळला असता, तो कोणी पाहिला नाही. बंदरात मेलेले मासे तरंगताना आढळले नाहीत. समुद्र शांत होता, म्हणजे सुरुंग विजेनेच उडवावा लागला असता. पण तारा सापडल्या नाहीत. अमेरिकेत हे कोणी फारसे मनावर घेतले नाही. वर्ष संपेपर्यंत स्पेनने क्युबा, पोर्टो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स गमावले होते. युद्धाला इतरही कारणे होती. पण ‘मेन’ची आठवण ठेवा, ही घोषणा सर्वांत मोठी ठरली.

सांगाडा बाहेर आल्यावर काय दिसले?

१९११ मध्ये लष्कराच्या अभियंत्यांनी सांगाड्याभोवती पोलादी बांध घालून आतील पाणी उपसले. आता कोणालाही चाचपावे लागणार नव्हते. रिअर अॅडमिरल चार्ल्स व्हरीलँड यांच्या मंडळाने पाहणी केली. १८ क्रमांकाच्या फासळीपाशी वाकलेला कणा हा दारूगोळा कोठाराच्या स्फोटाचा परिणाम आहे, असे त्यांनी ठरवले. म्हणजे पहिल्या चौकशीचा मुख्य पुरावाच बाद झाला! तरीही बरेच मागे, २८ ते ३१ क्रमांकाच्या फासळ्यांदरम्यान तळाचा पत्रा आत वळलेला दिसला, त्यावरून मंडळाने पुन्हा बाहेरच्या स्फोटाचाच निष्कर्ष काढला. पुरावा बदलला, जागा बदलली, उत्तर तेच राहिले. मार्च १९१२ मध्ये सांगाडा खोल समुद्रात ओढून नेऊन सन्मानपूर्वक बुडवण्यात आला.

कोळशाचा संशय कसा आला?

अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचे जनक अॅडमिरल हायमन रिकोव्हर यांनी १९७० च्या दशकात या प्रकरणात लक्ष घातले. नौदलाच्या प्रयोगशाळांतील दोन तज्ज्ञांनी त्यांच्यासाठी १९११ ची छायाचित्रे आणि आराखडे तपासले. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांचा अनुभव आता हाताशी होता. सुरुंगाने पत्रा जसा फाटतो, तसे ‘मेन’वर कुठेच दिसत नाही, आत वळलेला पत्रा आतल्या स्फोटानंतर घुसलेल्या पाण्यानेही वळू शकतो, असे त्यांचे मत पडले. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने बोट ठेवले ते ‘ए-१६’ या कोळशाच्या कोठीवर. तिच्या शेजारीच सहा इंची तोफांच्या दारूचे कोठार होते, मध्ये फक्त पोलादी भिंत.

बिट्युमिनस कोळसा साठवला की आतल्या आत तापतो आणि ज्वाळा न दिसता धुमसत राहतो. विदर्भातील कोळसा पट्ट्यात हा प्रकार नवा नाही. ‘न्यूयॉर्क’ आणि ‘सिनसिनाटी’ या अमेरिकी युद्धनौकांवर ‘मेन’च्या आधीच अशा आगी लागल्या होत्या. सॅम्पसन यांच्या कोर्टासमोरही हा मुद्दा आला होता. पण कोठीची त्याच दिवशी तपासणी झाली होती, या साक्षीवर तो मिटला.

मग वाद मिटला का?

नाही. १९९८ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने संगणकीय प्रारूपाच्या आधारे अभ्यास करून घेतला. कोळशाच्या आगीने शेजारचे कोठार पेटू शकते, असे त्यात दिसले. पण तळाचा आत वळलेला पत्रा पाहता सुरुंगाची शक्यता पूर्वी मानली गेली त्याहून अधिक आहे, असेही त्यात म्हटले होते. रिकोव्हर यांच्या तज्ज्ञांना ते पटले नाही. या मतभेदाच्या मुळाशी असलेला तो पत्रा १९१२ पासून समुद्राच्या तळाशी आहे आणि अभ्यासकांच्या हाती आहेत ती १९११ ची छायाचित्रे.