महाविद्यालयीन क्रीडांगणाचा खर्च
बास्केटबॉलच्या सरावाकरिता नवे क्रीडांगण बांधावयाचे झाल्यास महाविद्यालयाच्या हाताशी प्रथम असतो तो जिमखाना-शुल्काचा निधी. (‘जिमखाना’ हे मूळ ‘गेंदखाना’, म्हणजे चेंडूघर, असे कोशकार मानतात.) परंतु सातारा-सांगलीकडील पुष्कळ विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतले, शुल्क फारसे वाढविता येत नाही, आणि जमते ते चेंडू, गणवेश व प्रवास यांतच सरते. म्हणून बांधकामास अनुदान हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत (२०१२-१७) क्रीडासुविधांसाठी साहाय्य दिले. पुढे पंचवार्षिक योजनाच संपल्या. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात १९४७ पासून ‘कमवा व शिका’ हे तत्त्व रुजले आहे. श्रमाने जमीन सपाट होईल. सिमेंट, खांब व फलक मात्र रोकडीनेच येतात. पुढे तडे बुजविण्याचा खर्च तर अनुदानात सहसा धरलेलाच नसतो. तो पुन्हा शुल्कावर पडतो.